अनुच्छेद २३ : उचल, वेठबिगारी आणि मालकापर्यंत पोहोचणारा मूलभूत हक्क

कोरडवाहू (धागाकर्ता)

मूलभूत हक्कांचा विषय निघाला की चर्चा बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्य, समानता आणि आरक्षण यांच्याभोवती फिरते. संविधानाच्या तिसऱ्या भागात ‘शोषणाविरुद्धचा हक्क’ या मथळ्याखाली जेमतेम दोन अनुच्छेद आहेत, २३ आणि २४, आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांबाहेर त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही. त्यांतील २३ विषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण दुबळ्या माणसाला संविधानाने जी संरक्षणे दिली त्यांत हे सर्वांत धारदार आहे असे माझे मत आहे, आणि तरीही तालुक्याच्या कचेरीत लिहिल्या जाणाऱ्या एका शेऱ्याने ते निरुपयोगी होऊ शकते.

अनुच्छेद २३ च्या पहिल्या खंडाने माणसांचा अपव्यापार, बिगार आणि त्यासारखीच सक्तीची मजुरी यांना मनाई केली आहे आणि त्या मनाईचे उल्लंघन हा शिक्षापात्र अपराध ठरवला आहे. दुसऱ्या खंडाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला ठेवली आहे, मात्र तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेदभाव करता येत नाही. अनुच्छेद २४ नुसार चौदा वर्षांखालील बालकाला कारखान्यात, खाणीत किंवा अन्य धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही.

या शब्दरचनेत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. अनुच्छेद १४ ची सुरुवातच ‘राज्य’ या शब्दाने होते आणि बहुतेक मूलभूत हक्कांखाली दाद मागताना समोर सर्वसाधारणपणे शासन असावे लागते. अनुच्छेद २३ मध्ये मनाई कोणाला हे सांगितलेलेच नाही, त्यामुळे ती सर्वांना आहे. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ प्रमाणेच तो सावकारापर्यंत, भट्टीमालकापर्यंत, खाणीच्या ठेकेदारापर्यंत आणि मुकादमापर्यंत थेट पोहोचतो. घटना समितीतील सदस्यांपुढे त्या वेळचे वास्तव होते. मसुद्यात हा अनुच्छेद १७ क्रमांकाचा होता आणि ३ डिसेंबर १९४८ रोजी त्यावर चर्चा झाली. त्या दिवशी राज बहादूर यांनी संस्थानांतील बिगारीचे वर्णन केले. राजेरजवाड्यांच्या बदकांच्या शिकारीसाठी गोरगरिबांना कडाक्याच्या थंडीत दिवसभर चिखलात बसवून ठेवले जाई, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. प्रा. के. टी. शहा यांना या अनुच्छेदात देवदासी प्रथेचा स्पष्ट उल्लेख हवा होता, पण तो स्वीकारला गेला नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहिले तर ही लढाई त्याच्या वीस वर्षे आधी सुरू झाली होती, कारण डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले तेव्हा वादाचा विषय हाच होता की तुटपुंज्या वतनजमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात महार कुटुंबाने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी का करावी.

संविधान १९५० मध्ये लागू झाले, पण वेठबिगारी मोडणारा देशव्यापी कायदा व्हायला पंचवीस वर्षे लागली. ऑक्टोबर १९७५ मध्ये अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम झाला. देशात आणीबाणी होती, अनुच्छेद १४, २१ आणि २२ खाली न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद केलेला होता, आणि नेमक्या त्याच काळात अनुच्छेद २३ ला दात फुटले. इतिहासातील या विसंगतीवर कोणी स्वतंत्र धागा काढला तर मी आनंदाने वाचेन.

या अनुच्छेदाला आजचा अर्थ मिळाला तो १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने. दिल्लीत स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधणाऱ्या मजुरांचे किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. ठेकेदार ती रक्कम जमादाराच्या हाती देई, जमादार मजुरामागे एक रुपया दलाली कापून घेई आणि मजुराला ८ रुपये २५ पैसे मिळत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करावे लागणे ही अनुच्छेद २३ च्या अर्थाने सक्तीची मजुरी आहे. सक्ती लाठीची असते, कायद्याची असते आणि दुसरा पर्यायच उरू न देणाऱ्या आर्थिक परिस्थितीचीही असते, असा त्या निकालाचा गाभा आहे. मूलभूत हक्क एका रुपयाच्या कपातीपर्यंत खाली उतरला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता माझा प्रश्न. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात, हंगामभर ती कामातून फेडतात, आणि फिटली नाही तर बाकी अंगावर घेऊन पुढल्या वर्षी त्याच मुकादमाकडे जातात. अनुच्छेद २३ च्या नजरेतून याला काय म्हणावे? जाणकारांनी लिहावे.

शिवार

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण शेवटच्या प्रश्नात जी सूचना दडलेली आहे तिला माझा आक्षेप आहे. आमच्या भागात घरटी ऊसतोड आहे आणि नात्यातले काही जण मुकादमकीही करतात, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. बँक ज्याला दारात उभे करत नाही त्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी एकरकमी पैसा देणारा माणूस मुकादमच असतो. तो पैसा घेताना मजूर घासाघीस करतो, जास्त उचल देणारा मुकादम निवडतो, आणि दोघांकडून उचल घेऊन एकाकडेही न जाणारे लोकही असतात. मग मुकादमाने काय करावे? त्याने स्वतः वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून पैसा उचललेला असतो आणि टोळी आली नाही तर त्याचे शेत विकले जाते. प्रौढ माणसांनी समजून-उमजून केलेल्या व्यवहाराला वेठबिगारी म्हटले तर उद्या उचल देणेच बंद होईल, आणि त्याचा पहिला फटका मजुराला बसेल.

सनद

शिवार यांचा आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे, कारण कायदाही उचलीला आपोआप गुन्हा मानत नाही. १९७६ च्या अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्या बारकाईने वाचली तर तिचे दोन भाग दिसतात. पहिला भाग कारणाचा आहे: आगाऊ रक्कम (तिची लेखी नोंद असो वा नसो), रूढीने आलेले बंधन, वाडवडिलांकडून आलेले देणे, किंवा विशिष्ट जातीत जन्म. दुसरा भाग परिणामाचा आहे: विनामोबदला किंवा नाममात्र मोबदल्यावर काम करावे लागणे, दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे, देशात कोठेही जाण्या-येण्याचा हक्क गमावणे, किंवा आपला माल अथवा श्रमाचे उत्पादन बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणे. कारण आणि परिणाम एकत्र आले की वेठबिगारी सिद्ध होते, आणि त्यासाठी चारही परिणाम असण्याची गरज नाही, एकही पुरेसा आहे. ‘नाममात्र मोबदला’ म्हणजे किमान वेतनाहून कमी मोबदला, हेही अधिनियमातच लिहिलेले आहे. कंत्राटी आणि आंतरराज्य स्थलांतरित मजूरही या व्याख्येत येऊ शकतात हे स्पष्ट करणारी दुरुस्ती १९८५ मध्ये झाली.

त्यामुळे उचल घेतली का, हा प्रश्न अर्धाच आहे. उचल घेतल्यानंतर काय झाले, हे पाहावे लागते. मुकादमाच्या वहीत एका कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे, पान असते. त्यावर डाव्या बाजूला उचल आणि अधूनमधून दिलेला खर्च, उजव्या बाजूला तोडलेल्या उसाची टने, आणि मध्येच कोठेतरी खाडे लिहिलेले असतात. आजारपणात किंवा बाळंतपणात काम चुकले की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. दोन माणसांचे पहाटेपासूनचे तास मोजून टनाचा दर त्यांवर वाटला आणि येणारी रोजची रक्कम किमान वेतनापेक्षा कमी भरली, तर नाममात्र मोबदल्याची अट पूर्ण झाली. हंगाम अर्धा असताना जोडी गावी जाऊ लागली आणि तिला अडवून ठेवले, मूल ठेवून घेतले किंवा बैल अडकवले, तर जाण्या-येण्याचा हक्क गेला. यांपैकी काहीही घडले नाही, हिशेब चोख झाला आणि बाकी असतानाही जोडी पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाऊ शकली, तर ती उचल हे साधे कर्ज आहे आणि ते वसूल करायला दिवाणी न्यायालय आहे. शिवार यांच्या नात्यातला प्रामाणिक मुकादम या दुसऱ्या वर्गात बसत असेल तर त्याला घाबरण्याचे कारण नाही.

मात्र पुराव्याचा भार कोणावर, हे येथे सांगितलेच पाहिजे. एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने किंवा या अधिनियमाखालील दक्षता समितीने म्हटले की ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ ने धनकोवर टाकली आहे. फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात, म्हणजे बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात, हरियाणा सरकारने असा युक्तिवाद केला होता की खाणमजुरांची मजुरी सक्तीची असेलही, पण आगाऊ रकमेचा पुरावा नसल्यामुळे तिला वेठबिगारी म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो धुडकावला. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात आहे असे दिसले की ते आगाऊ रकमेपोटी किंवा अन्य आर्थिक मोबदल्यापोटीच आहे असे गृहीत धरावे आणि ते खोडून काढण्याचे काम मालकाने करावे, असे न्यायालयाने म्हटले. ज्याच्याकडे वही आहे त्यानेच ती उघडावी, यात अन्याय्य असे मला काही दिसत नाही.

नीरक्षीर

सनद यांचे विवेचन पटण्यासारखे आहे, पण १९८२ च्या निकालाविषयी माझी एक शंका कायम आहे. किमान वेतनाहून एक रुपया कमी मिळाला की ती सक्तीची मजुरी, हे सूत्र शब्दशः लावले तर दुकानातील नोकर, घरकामाच्या बायका, शेतमजूर, खाजगी शाळांतील शिक्षक असे लाखो लोक एका झटक्यात अनुच्छेद २३ च्या छायेत येतात. एवढी मोठी छत्री धरली की खाणीत डांबलेला माणूस आणि कमी पगार मिळणारा कारकून यांत फरक उरत नाही, आणि ज्याला खरोखर तातडीची गरज आहे त्याची तातडी संपते. राजस्थानातील दुष्काळी कामांच्या प्रकरणात, संजीत रॉय खटल्यात, खंडपीठावरील न्या. आर. एस. पाठक यांनीही निष्कर्षाशी सहमत होताना अनुच्छेद २३ ऐवजी १४ चा आधार घेतला होता, हे विसरता कामा नये.

कोरडवाहू

न्या. पाठक यांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो बहुतेक लेखांतून वगळला जातो, तेव्हा नीरक्षीर यांचे आभार. तरीही मी १९८२ च्या सूत्राच्या बाजूने उभा राहीन. दुष्काळी कामावर राबवणारा मालक कोणी सावकार नव्हता, ते खुद्द राजस्थान सरकार होते, आणि दुष्काळी मदत म्हणून काढलेल्या कामाला किमान वेतन लागू नसावे यासाठी १९६४ चा एक सूट देणारा कायदाही त्याच्या हाती होता. माणूस उपाशी आहे म्हणून त्याला कमी देऊन चालेल, हा तर्क शासनाने केला तर तो अनुच्छेद २३ ने का रोखू नये? तीव्रतेचा फरक उपायांत करता येतो. कमी पगाराच्या कारकुनाला थकबाकी मिळाली की त्याचे प्रकरण संपते, डांबलेल्या मजुराला सुटका, कर्जमुक्ती, पुनर्वसन आणि मालकावर खटला हे सगळे लागते. हक्क एक असला म्हणून दोघांना एकच उपाय द्यावा लागत नाही.

उत्तरायण

एक बाळबोध प्रश्न विचारतो. शिक्षकांना निवडणुकीचे आणि जनगणनेचे काम सक्तीने दिले जाते, तेही अनुच्छेद २३ च्या विरोधात जात नाही का?

सनद

नाही, कारण ते २३(२) मधील सार्वजनिक प्रयोजनात बसते आणि निवडणुकीच्या कर्मचाऱ्यांची तरतूद खुद्द अनुच्छेद ३२४ मध्ये आहे. उलट बाजूचे उदाहरण मणिपूरचे आहे. गावच्या प्रमुखासाठी प्रत्येक घराने वर्षातून एक दिवस फुकट राबावे अशी तेथील एक रूढी होती आणि तिचा प्रश्न न्यायालयात गेला, तेव्हा १९६१ च्या आसपासच्या निर्णयात ती अनुच्छेद २३ च्या विरुद्ध ठरली. रूढी जुनी आहे आणि काम एकच दिवसाचे आहे, या दोन्ही सबबी चालल्या नाहीत. शिक्षकांच्या तक्रारी अन्य कारणांनी रास्त असतील, पण त्यांचा येथे संबंध नाही.

अबोली

‘कोयता’ या हिशेबाच्या एककाविषयी सनद यांनी ओझरते लिहिले, पण माझ्या मते अनुच्छेद २३ चा खरा पेच तेथेच आहे. वहीत जोडीचे पान असते आणि ते पुरुषाच्या नावाने असते. उचल त्याने घेतलेली, अंगठा त्याचा, बाकी त्याच्या अंगावर. बाईने ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडी भरली, पहाटे उठून स्वयंपाकही केला, तरी तिच्या नावाने एक पैसाही लिहिला जात नाही. ज्या कर्जाची ती ऋणको नाही त्या कर्जापायी ती बांधली जाते. वेठबिगाराची चौकशी करायला अधिकारी आले की जबाब नवऱ्याचा घेतात, आणि बाई सुटका झालेल्यांच्या यादीत ‘सोबत पत्नी’ म्हणून येते. ज्या अनुच्छेदाने मनाईला नाव-गाव-लिंग काहीच जोडले नाही, त्याची अंमलबजावणी मात्र कुटुंबप्रमुख शोधत फिरते.

मुलांबाबत अनुच्छेद २४ ची मर्यादा समजून घ्यावी लागते. तो कारखाना, खाण आणि धोक्याचे काम एवढ्यापुरताच बोलतो. आशियाई स्पर्धांच्या त्याच निकालात न्यायालयाने बांधकाम हे धोक्याचे काम मानले, तेव्हाच्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात बांधकामाचा समावेश नसतानाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाला शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवण्यास मनाई केली, तसेच १४ ते १८ वयाच्या किशोरांना धोक्याच्या कामांतून वगळले. पण त्याच दुरुस्तीने शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या उद्योगाला मदत करण्याची मोकळीक ठेवली. वीटभट्टीवर नऊ वर्षांची मुलगी कच्च्या विटा उलटत असते आणि मालक म्हणतो की ती आई-बापाला मदत करते आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या भट्टीला कुटुंबाचा उद्योग ठरवणे हे निव्वळ ओढूनताणून केलेले समर्थन आहे, पण जागेवर आलेला निरीक्षक ते ऐकून परत जातो, कारण मजुरांच्या यादीत मुलीचे नाव नसते. तिच्या हातून गेलेल्या विटा बापाच्या हजारीत, म्हणजे हजार विटांच्या हिशेबात, मोजल्या जातात.

गावठाण

महसूल खात्यातील नोकरीत मी अशा काही चौकशांना हजर राहिलो आहे, त्यामुळे धागाकर्त्यांनी सुरुवातीला ज्या शेऱ्याचा उल्लेख केला त्याविषयी लिहितो. तो शेरा बहुधा ‘मजुरीचा वाद’ असा असतो.

प्रकरण साधारणपणे असे घडते. कातकरी कुटुंब पावसाळा संपल्यावर बयाणा घेऊन भट्टीवर जाते. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते, हजार विटांमागचा दर तोंडी ठरलेला असतो आणि संपूर्ण हिशेब पावसाळ्याच्या तोंडावर होतो. मध्येच अवकाळी पाऊस पडून कच्च्या विटा विरघळल्या तर त्या कोणाच्या खात्यात टाकायच्या हे मालक ठरवतो. मग मारहाण होते किंवा कोणी आजारी पडते, कुटुंब रात्री निघून येते, मालकाची माणसे पाड्यावर येतात आणि संघटनेचा कार्यकर्ता तहसीलवर अर्ज देतो. चौकशीला गेलेला अधिकारी मजुराला पहिला प्रश्न विचारतो, “तुला बांधून ठेवले होते काय?” मजूर म्हणतो, नाही. दुसरा प्रश्न, “पैसे मिळत होते काय?” मजूर म्हणतो, खर्ची मिळत होती. झाले, मजुरीचा वाद म्हणून कागद कामगार खात्याकडे जातो, मालक तेथे काही हजार रुपये भरतो आणि ऋण, सुटका, खटला, पुनर्वसन यांचा विषयच उरत नाही. खोटे कोणीच काही लिहिलेले नसते. कायद्याने विचारायला सांगितलेले प्रश्न तेवढे विचारलेले नसतात.

विचारायचे ते असे की बयाणा किती घेतला आणि तो कोणापुढे घेतला, गेल्या वर्षीची बाकी त्यात धरली का, त्यानंतर एकदा तरी हिशेब दाखवला का, मध्येच शेजारच्या भट्टीवर जास्त दर मिळाला असता तर जाता आले असते का, आणि बाजाराला जाताना सगळे कुटुंब एकत्र जाऊ शकत होते की एकाला मागे ठेवावे लागत होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सगळे सांगून जाते. मागे राहणारे सहसा लहान मूल किंवा म्हातारी असते.

अधिकारी असे का वागतात, याचे उत्तर केवळ मालकाचा दबाव हे नाही. वेठबिगारीचा शिक्का मारला की जिल्ह्यात वेठबिगारी आहे अशी नोंद वर जाते, आणि कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याला ती नको असते. अधिनियमाने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत, जिल्ह्याच्या समितीत जिल्ह्यातीलच अनुसूचित जाती-जमातींच्या तीन व्यक्ती आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असावेत असेही म्हटले आहे, पण बैठकीच्या इतिवृत्तात ‘प्रकरणे : निरंक’ एवढे लिहून त्या उठतात. शिक्षाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच आहे. दंडाचा तो आकडा १९७६ चा आहे.

पैशाची अट याहून वाईट. २०१६ च्या केंद्रीय योजनेनुसार मुक्त झालेल्या पुरुषाला १ लाख, स्त्री किंवा बालकाला २ लाख आणि लैंगिक शोषण किंवा अपव्यापारासारख्या टोकाच्या प्रकरणांत ३ लाख रुपये मिळायचे आहेत. पण त्यातील मोठा भाग मालक दोषी ठरण्याशी जोडलेला आहे. तातडीची मदत आधी २०,००० रुपयांपर्यंत होती, ती नंतर ३०,००० रुपयांपर्यंत वाढवली. खटल्याचा निकाल लागेपर्यंत हे कुटुंब या रकमेवर जगेल असे गृहीत धरणाऱ्याने एखादा पावसाळा पाड्यावर काढून पाहावा. पुनर्वसनाशिवाय सुटका निरर्थक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नीरजा चौधरी प्रकरणात १९८४ मध्येच सांगून ठेवले आहे.

नीरक्षीर

गावठाण यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझ्या शंकेचा रोख थोडा बदलतो. छत्री मोठी असल्यामुळे तातडी संपते असे मी म्हटले होते, पण येथे तर डांबलेल्या माणसालाच कमी पगाराच्या कारकुनाच्या रांगेत उभे केले जाते आहे. मग अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा मार्ग का वापरला जात नाही? बिगार करायला लावणे हा त्या कायद्याखालीही गुन्हा आहे आणि त्याची तपासणी पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते.

सनद

वापरता येतो आणि वापरावा. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर दोन्ही कायद्यांखाली गुन्हा नोंदवण्यात अडचण नाही, शिवाय भारतीय न्याय संहितेत बेकायदा सक्तीच्या मजुरीचे कलम १४६ आणि अपव्यापाराचे कलम १४३ आहेच. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात नुकसानभरपाई टप्प्याटप्प्याने मिळते आणि पहिला टप्पा निकालाची वाट पाहत नाही, हा मोठा फायदा. पण केवळ त्या कायद्यावर विसंबले तर बयाण्याचे कर्ज कागदोपत्री शिल्लक राहते. कर्ज विझवण्याची शक्ती १९७६ च्या अधिनियमातच आहे: वेठबिगारीचे ऋण फेडण्याचे दायित्व संपते, त्यापोटी गहाण ठेवलेली मालमत्ता मोकळी होते, आणि विझलेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणे हाच गुन्हा ठरतो.

विषय संविधानाचा आहे म्हणून अलीकडचा एक निकालही नोंदवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नियमावलीतील जातीनुसार कामाची वाटणी रद्द ठरवली. झाडलोट आणि मैलासफाई विशिष्ट जातींच्या कैद्यांना आणि स्वयंपाक इतरांना, अशी तरतूद काही राज्यांच्या नियमावलीत तोवर छापलेली होती. न्यायालयाने समानता आणि अस्पृश्यतानिवारण यांच्या जोडीला अनुच्छेद २३ चाही आधार घेतला. सक्तमजुरीची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याकडून काम करून घेता येते, त्याला रास्त मोबदला द्यावा लागतो हे १९९८ मध्येच ठरले होते, पण कोणते काम कोणाच्या माथी मारायचे हे जात पाहून ठरवले की ती शोषणाची मजुरी होते. राज बहादूर यांनी १९४८ मध्ये संस्थानिकांविषयी जे सांगितले त्याच्याशी याचे नाते आहे.

शिवार

चर्चा वाचतो आहे. सगळे मुकादम एका माळेचे मणी नव्हेत हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही, पण खाड्याचा दंड उचलीत मिळवण्याचे समर्थन मी करू शकत नाही, आणि ते सर्रास चालते. आमच्या गावातली एक जोडी या हंगामात मध्येच परत आली आहे, बाईला कामावरच त्रास झाला होता. मुकादम बाकीसाठी रोज दारात येतो. उचल देणारे लोक बिथरणार नाहीत आणि या जोडीलाही न्याय मिळेल, असे नेमके काय करता येईल?

गावठाण

शिवार, अर्ज कामगार कार्यालयात देऊ नका, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या नावाने द्या आणि त्याची एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या, तेथे वकील मोफत मिळतो. विषयाच्या ओळीतच १९७६ च्या अधिनियमाचे नाव लिहा, कारण आवक-जावक नोंदवहीत ती ओळ जशीच्या तशी उतरते आणि पुढे कोणालाही ती मजुरीचा वाद म्हणून बदलायला कारण लिहावे लागते. उचलीची रक्कम, खाड्यांची संख्या, तोडलेली टने जेवढी आठवतात तेवढी लिहा, वही मुकादमाकडे आहे आणि ती हजर करण्यास सांगावे अशी विनंती करा. पैसे फोनवरून पाठवले गेले असतील तर त्या नोंदी जोडा. दारात येणाऱ्या माणसाला चौकशी होईपर्यंत एक पैसाही देऊ नये आणि कोणत्याही कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नये, हे दोघांनाही सांगा. चौकशीत साधे कर्ज निघाले तर मुकादमाला दिवाणी दावा मोकळाच आहे, त्यामुळे प्रामाणिक माणसाचे यात काही जात नाही.

आणि अबोली यांचा मुद्दा ध्यानात ठेवून एवढे कराच: अर्ज दोन करा. बाईचा अर्ज तिच्या नावाने, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने, तिने केलेल्या कामाच्या वर्णनासह स्वतंत्र द्या आणि तिचा जबाब नवऱ्याच्या गैरहजेरीत, शक्यतो महिला कर्मचाऱ्यासमोर घ्यावा अशी लेखी मागणी करा. मुक्तता प्रमाणपत्र मिळायचे झाले तर ते माणसागणिक मिळते, कुटुंबागणिक नाही. एकाच अर्जात दोघांची नावे घातली तर कारकून एकच प्रमाणपत्र टंकून मोकळा होतो, आणि मग २ लाखांच्या रकान्यातले नाव वर्षभर शोधत बसावे लागते.